घात आणि अपघात

मराठीत 'घात' या शब्दाच्या मागे बहुधा एक कर्ता उभा असतो. विश्वासघात कोणीतरी करतो. आत्मघात मनुष्य स्वतःच करतो. नुसते 'घात झाला' एवढे म्हटले, तरी 'कोणी केला?' हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या ओठांवर आल्यावाचून राहत नाही. 'अपघात' हा शब्द मात्र असा, की त्याला कर्ता लागत नाही. अपघात होतो, घडतो, ओढवतो. तो कोणी करीत नाही. व्याकरणाची ही सोय मोठी आहे, आणि इतकी वर्षे पोलादाच्या गावात राहून आमचे मत असे झाले आहे की, ही सोय माणसांना फार महाग पडते. कामावर मरण पावलेल्या माणसाविषयी बोलताना आपण हा शब्द उच्चारतो, आणि त्यासरशी कोणाला काही विचारण्याची आवश्यकताच उरत नाही.

आमचे राहणे भिलाईच्या वैशाली नगरात. बृहन्महाराष्ट्रातील ज्या वाचकांनी हे गाव आगगाडीच्या खिडकीतूनच पाहिले असेल, त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. मुंबई-हावडा लोहमार्गाच्या दक्षिणेस कारखाना आणि त्याची आखीव सेक्टरांची वसाहत, उत्तरेस जी. ई. रोड, सुपेला आणि आमचे वैशाली नगर. लिच्छवींच्या प्राचीन नगरीचे नाव धारण करणाऱ्या या वस्तीत गणराज्याचे वैभव कोणी शोधू नये. येथे निवृत्तीनंतर घर बांधलेले जुने कामगार आहेत, दुकानदार आहेत, ट्रकचालक आहेत आणि एकेका खोलीत चौघे मिळून राहणारे ठेका-मजूर आहेत. १९५६ पर्यंत या मुलखाची राजधानी नागपूर. त्यामुळे दुर्ग-राजनांदगावकडे मराठी माणूस नवखा नव्हता. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत रशियाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि त्या भट्टीच्या ओढीने विदर्भातील कितीतरी कुटुंबे येथे आली व येथलीच झाली. आमच्या तोंडी आता 'कंत्राटदार' येत नाही, 'ठेकेदार' येतो. खंडेनवमीला आम्ही घरातली हत्यारे पुजतो, आणि १७ सप्टेंबरला विश्वकर्म्याच्या पूजेला सगळ्या गावाबरोबर पुन्हा एकदा यंत्रांना हळदकुंकू लावतो. हत्यारांविषयी इतका आदर बाळगणाऱ्या समाजाने ती चालविणाऱ्या हातांचा हिशेब कसा ठेवला आहे, हा प्रश्न मात्र आम्हांला अलीकडे फार छळू लागला आहे.

ज्या गावाचा दिवस पाळ्यांनी मोजला जातो, तेथे एक न बोललेली रीत असते. पाळी संपून घटका उलटली आणि माणूस घरी आला नाही, तर घरातली बाई प्रथम शेजारी विचारीत नाही. ती दारात येऊन उभी राहते. दोन तारखा अशा आहेत की, त्या दिवशी येथल्या असंख्य दारांत बायका उभ्या होत्या.

पहिली तारीख १२ जून २०१४. झोतभट्टीतून निघणारा वायू धुऊन स्वच्छ करण्यासाठी पाण्याचा अखंड पुरवठा लागतो. त्या दिवशी पंपगृहात बिघाड होऊन पाण्याचा दाब उतरला, आणि ज्या वाटेने पाणी जावयाचे त्याच वाटेने वायू उलटा आला. या वायूत कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण मोठे असते. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट जखडला जातो. मनुष्य श्वास घेत असतो आणि त्याला प्राणवायू मिळत नसतो. सहा जण दगावले, तिसांहून अधिक जणांना बाधा झाली. मृतांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. बिघाड कोठे झाला हे पाहावयास जे गेले, त्यांत अधिकारीही होते आणि साधे कामगारही.

दुसरी तारीख ९ ऑक्टोबर २०१८. या वेळचा वायू कोकभट्टीचा. त्यात हायड्रोजन आणि मिथेन यांचाच भरणा अधिक, म्हणून तो श्वासाने मारण्याआधी ज्वाळेने मारतो. कोकभट्टीच्या ११ क्रमांकाच्या संकुलातील वायुवाहिनीवर पूर्वनियोजित देखभालीचे काम चालू असताना आग भडकली. पहिल्याच दिवशी नऊ जण गेले; पुढे कित्येक दिवस सेक्टर ९ च्या रुग्णालयातून आणखी बातम्या येत राहिल्या. मृतांत अग्निशामक दलाचे जवानही होते. काम धोक्याचे आहे हे ठाऊक असल्यामुळेच त्यांना तेथे उभे केलेले होते.

या दोन घटना शेजारी शेजारी ठेवल्या, तर दोन गोष्टी ध्यानात येतात. यंत्र भरात चालू असताना मनुष्य त्याच्यापासून दूर असतो. ते अडले, थांबले, उघडले, की तो त्याच्या पोटात शिरतो. कारखान्यातील मरणाची वेळ म्हणून पुष्कळदा उत्पादनाची नसते, दुरुस्तीची असते. आणि दुसरी गोष्ट अशी की, दोन्ही वायूंचे गुणधर्म कोणत्याही रसायनशास्त्राच्या पुस्तकात दिलेले आहेत. झोतभट्टीचा वायू कसा मारतो हे भिलाईची पायाभरणी होण्याच्या कितीतरी आधी जगाला ठाऊक होते. अज्ञानाने ही माणसे गेली, असे म्हणावयास जागा नाही.

पोलादाच्या कारखान्यातील वायू हा मोठ्या उद्योगाचा शत्रू झाला. पण त्याचे भाऊबंद खेड्यातील विहिरीतही राहतात. ५ जुलै २०२४ रोजी आमच्याच छत्तीसगडात, जांजगीर-चांपा जिल्ह्यातील किकिरदा गावी एक मनुष्य विहिरीत उतरला आणि वर आला नाही. त्याला काढावयास दुसरा उतरला, मग तिसरा. असे पाच जण गेले. त्याच दिवशी कोरबा जिल्ह्यातील दुसऱ्या एका विहिरीत याच रीतीने चौघे गेले. शहरातील गटारांत आणि मैल्याच्या टाक्यांत तर हे वर्षानुवर्षे चालू आहे. तेथे सडलेल्या घाणीतून उठणारा हायड्रोजन सल्फाइड मारतो, आणि पहिला मनुष्य कोसळला की त्याचा भाऊ किंवा सोबती त्याच्यामागे उडी घेतो. २०१३ साली कायद्याने हाताने मैला साफ करण्यास माणसे लावणे निषिद्ध ठरविले. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासूनच्या अशा प्रत्येक मृत्यूस दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ रोजी तीच रक्कम तीस लाख केली. मरणाची किंमत वाढली; मरण थांबले नाही.

वाचविण्यासाठी धावलेल्या माणसांची परंपरा मराठी मुलखास परकी नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाच्या जहाजाला आग लागली. त्याच्या पोटात कापसाच्या गासड्या होत्या आणि दारूगोळाही होता. आग विझवीत असतानाच स्फोट झाला आणि अग्निशामक दलाचे ६६ जवान गेले. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन दिन पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. त्यांच्या धैर्यास आमचे वंदन आहे. परंतु धैर्याचा गौरव करताना एक विसर पडतो: कापूस आणि स्फोटके एकाच जहाजात कोणी भरली, आणि ते जहाज शहराला लागून कोणी उभे केले, या निर्णयांत त्या ६६ जणांपैकी एकाचाही हात नव्हता.

आता मोठ्या घटना बाजूस ठेवून एक लहान घटना सांगतो. वर्तमानपत्रात तिला चार ओळी मिळाल्या होत्या. आमच्या गल्लीच्या टोकाशी खोली घेऊन राहणारा एक तरुण मजूर एका गोदामाच्या छपरावरून पडून गेला. छप्पर सिमेंटच्या पत्र्याचे. जुने, उन्हापावसाने ठिसूळ झालेले. त्यावर चढून फुटके पत्रे बदलावयाचे होते. आम्ही सांत्वनास गेलो तेव्हा ठेकेदाराचा माणूस येऊन गेला होता. त्याने अंत्यविधीसाठी काही पैसे दिले होते आणि एक वाक्य मागे ठेवले होते: "त्याने पट्टा लावला नव्हता." तेच वाक्य नोंदीत गेले, तेच वर्तमानपत्रात आले, आणि दोन दिवसांत गल्लीतही सगळे तेच बोलू लागले.

त्या तरुणाबरोबर छपरावर चढलेला त्याचा चुलत भाऊ कोपऱ्यात बसला होता. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "पट्टा होता. अडकवायला वर काही नव्हते."

आम्ही त्या वाक्याचा नंतर पुष्कळ विचार केला. उंचावर काम करणाऱ्याच्या कमरेचा पट्टा ही अर्धीच गोष्ट आहे. उरलेली अर्धी म्हणजे तो ज्याला अडकवावयाचा तो भक्कम दोर किंवा कडी. पट्टा शेदोनशे रुपयांत येतो आणि तो दिला अशी सही घेता येते. दोर बांधावयाचा, तर आधी कोणीतरी वर जाऊन जागा पाहावयास हवी, फळ्या टाकावयास हव्यात, एक दिवस काम थांबवावयास हवे. छप्पर कुजले आहे हे मुकादमाला दिसत होते. पण त्याला संध्याकाळपर्यंत काम उरकावयास सांगितलेले होते. ज्याने सांगितले तो छोटा ठेकेदार मोठ्या ठेकेदाराला बांधलेला होता, आणि मोठा ठेकेदार मुदतीच्या कागदाला. ज्या माणसाला पत्र्याचा कडकड आवाज पायाखाली ऐकू येत होता, त्याला काम थांबविण्याचा अधिकार नव्हता. आणि ज्याला तो अधिकार होता, त्याच्या कानापर्यंत तो आवाज पोचत नव्हता.

आमचे म्हणणे एवढेच आहे. निरनिराळ्या धंद्यांतील मरणे आम्ही जसजशी पाहत गेलो, तसतशी त्यांची कारणे थोडी, जुनी आणि माहितीची आहेत असेच आढळले: वायू, उंची, आग, पाणी, धूळ, झोप. नवे काही नाही. मरण येते ते या दोन माणसांच्या मधल्या अंतरातून. धोका एकाला कळतो आणि थांबविण्याची सत्ता दुसऱ्याकडे असते. ठेक्याच्या प्रत्येक पायरीगणिक हे अंतर वाढत जाते.

२७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत ३७५ माणसे पाण्याखाली गेली. वरच्या बाजूस पाण्याने भरलेली जुनी खाण होती. तिचा बांध फुटला आणि पाणी खाली कोसळले. कोळसा खणणाऱ्याला आपल्या डोक्यावर काय साठले आहे हे नकाशात पाहावयास मिळत नाही. २३ सप्टेंबर २००९ रोजी आमच्या कोरब्यात वीजप्रकल्पाची उंच चिमणी बांधली जात असताना कोसळली आणि चाळिसांहून अधिक मजूर तिच्याखाली गेले. पाऊस आणि विजा यांपासून बचाव व्हावा म्हणून कित्येक जण तिच्याच पायथ्याशी आसऱ्याला गेलेले होते. वादळात आडोसा शोधावयाचा तर बांधकामाखेरीज दुसरी जागा नसावी, ही गोष्ट त्या चिमणीच्या आराखड्यात कोठेही लिहिलेली नसणार.

स्फोटकांच्या कारखान्यांचे तर बोलवत नाही. १७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरजवळच्या बाजारगाव येथे स्फोटात नऊ जण गेले. त्यांत सहा स्त्रिया होत्या. आणि २५ मे २०२४ रोजी आमच्या शेजारच्या बेमेतरा जिल्ह्यातील पिरदा गावी स्फोटकांच्या कारखान्यात स्फोट झाला, तेव्हा एकाच्या मृत्यूची नोंद झाली आणि आठ जण 'बेपत्ता' ठरले. घरची माणसे कारखान्याच्या फाटकाशी दिवसच्या दिवस बसून होती. हाती द्यावयास देहच उरला नाही, तर मरण सिद्ध करण्यासाठीही प्रयोगशाळेच्या दाखल्याची वाट पाहावी लागते.

स्फोटाचा आवाज तरी होतो. ज्या मरणाचा आवाज होत नाही, त्याची गणती याहून अवघड. आमच्या पिढीने अक्षरे गिरविली ती पाटीवर, आणि पाटीवरची पेन्सिल मध्य प्रदेशातील मंदसौरकडून येत असे. दगड कापून त्या पेन्सिली करताना जी धूळ उडे, ती कारागिरांच्या फुफ्फुसांत साचून त्यांना सिलिकोसिस होई. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायारोग्य संस्थेने तपासणी केली तेव्हा निम्म्याहून अधिक कारागिरांत हा रोग आढळला. पुष्कळ जण चाळिशी गाठण्याआधीच गेले, आणि घराघरांत विधवा उरल्या. पुढे १९८२ साली त्यांच्या कल्याणनिधीचा कायदा झाला, धूळ शोषून घेणारी यंत्रे बसविल्यावर हवेतील धुळीचे प्रमाण खाली आले. म्हणजे धूळ अटळ नव्हती हेही सिद्ध झाले. आमच्या 'श्रीगणेशा'ची इतकी किंमत कोणी तरी मोजीत होते, हे बालवयात आम्हांला कोण सांगणार?

आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २०२३ साली जो अंदाज प्रसिद्ध केला, तो याच संदर्भात पाहण्याजोगा आहे. जगात वर्षाला कामापायी सुमारे २९ लाख ३० हजार माणसे मरतात; त्यांतील सुमारे २६ लाख कामातून जडलेल्या रोगांनी, आणि सुमारे ३ लाख ३० हजार अपघातांनी. म्हणजे ज्याला आपण अपघात म्हणतो, तो या मरणांचा जेमतेम नववा हिस्सा. उरलेले आठ हिस्से घरी, खाटेवर, खोकत खोकत, कारखान्याच्या दफ्तराबाहेर घडतात. त्या मृत्यूंच्या दाखल्यावर क्षय लिहिलेला असतो, दमा लिहिलेला असतो, किंवा नुसतेच 'दीर्घ आजार'.

दफ्तराबाहेरच्या मरणांचा आणखी एक प्रकार रस्त्यावरचा. ९ एप्रिल २०२४ हा गुढीपाडव्याचा दिवस. आम्ही संध्याकाळी गुढ्या उतरविल्या, आणि रात्री बातमी आली की, भिलाई-रायपूर वाटेवरील कुम्हारीजवळ मद्यनिर्मितीच्या एका कारखान्यातून मजुरांना घरी नेणारी बस मुरुमाच्या खाणीच्या खड्ड्यात कोसळली. त्या रात्रीच मृतांची संख्या बारावर गेली. मुरूम काढून उघडा टाकलेला खड्डा आणि त्याच्या काठाने अंधारात जाणारा कठडा नसलेला रस्ता, ही दोन्ही माणसाचीच कृत्ये. पण तो 'रस्ते-अपघात' ठरला.

घरापासून कामापर्यंतची वाट कामात धरावयाची की नाही, हा प्रश्न न्यायालयांनाही दीर्घकाळ पडला होता. उस्मानाबादकडील एका साखर कारखान्याचा रात्रीचा पहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीवर निघाला आणि कारखाना पाच किलोमीटर राहिला असता वाटेत अपघात होऊन गेला. आयुक्तांनी कुटुंबास भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि शेवटी जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली. कामाशी वेळेचा व स्थळाचा संबंध जुळत असेल तर जाण्या-येण्याची वाटही नोकरीचाच भाग, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. ते पाच किलोमीटर कामात मोजले जावयास बावीस वर्षे लागली.

याच विचारात आम्हांला ८ मे २०२० ची पहाट आठवते. टाळेबंदीच्या त्या दिवसांत जालन्याच्या एका पोलाद कारखान्यातील मजूर मध्य प्रदेशातील आपल्या गावांकडे पायी निघाले होते. औरंगाबाद जिल्ह्यातील करमाडजवळ थकून ते रुळांवरच झोपले, आणि मालगाडीखाली सोळा जण गेले. रुळांच्या मध्ये विखुरलेल्या त्यांच्या भाकरी साऱ्या देशाने छायाचित्रांत पाहिल्या. आम्ही मराठी माणसे पोलादासाठी परमुलखात आलो. ती परमुलखातील माणसे पोलादासाठी आमच्या मराठवाड्यात गेली होती. भट्टी तीच, भाकरी तीच. त्यांच्या मरणाला कामावरचे मरण म्हणावयास कोणतेही दफ्तर तयार होणार नाही. पण काम आणि मजुरी बंद झाल्यावाचून ते त्या रुळांवर आलेच नसते.

इतके सारे डोळ्यांपुढे असता आपली भाषा काय करते? ती म्हणते, "काळ आला होता, पण वेळ आली नव्हती." या म्हणीवर आमचा राग नाही, मरणाच्या दारातून परतलेल्याचा सुटकेचा निःश्वास तिच्यात आहे. परंतु कारखान्यात ही म्हण घातक आहे. वरून पाना निसटला आणि खांद्याला चाटून गेला, वायूने घेरी आली आणि बाहेर येताच बरे वाटले, पत्रा कडाडला आणि पाय वेळीच मागे घेतला: अशा प्रसंगी आपण ही म्हण उच्चारतो, चहा पितो आणि पुन्हा कामाला लागतो. १९३१ साली हाइनरिख या अमेरिकन विमा-अधिकाऱ्याने असे मांडले की, एका गंभीर दुखापतीच्या मागे २९ किरकोळ दुखापती आणि ३०० निसटते प्रसंग असतात. त्याच्या आकड्यांवर पुढे पुष्कळ वाद झाला, पण मूळ विचार साधा आहे. मरण येण्याआधी पुष्कळदा निरोप धाडते. तीनशे निरोप देवाची कृपा म्हणून फाडून टाकावयाचे आणि पुढच्याला दैव म्हणावयाचे, ही दैववादाची नव्हे, आळसाची रीत झाली.

कायद्याने काहीच केले नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. हिंदुस्थानातील पहिला कारखाने-कायदा १८८१ चा. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी-कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारपुढे ठेवले. रविवारची सुट्टी त्यांनी मागितली हे सर्वांस ठाऊक आहे. पण त्याच निवेदनात अशीही मागणी होती की, कामावर जखमी झालेल्या कामगारास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जन्माचा पंगू झाल्यास त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी. ही मागणी कायद्यात उतरावयास १९२३ साल उजाडले. म्हणजे एकोणचाळीस वर्षे. लोखंड्यांनी जेव्हा सह्या गोळा केल्या, तेव्हा गिरणीत हात गमावलेला मजूर लोकांच्या दृष्टीने 'नशिबाचा फटका' खाल्लेला होता. त्याच्या दुःखाला हक्काची भाषा दिली ती त्यांनी.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री भोपाळ घडले, आणि त्यानंतर १९८७ साली कारखाने-कायद्यात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियांतील कामगारास एक नवा हक्क मिळाला: प्राणास तातडीचा धोका दिसल्यास तो व्यवस्थापनाच्या नजरेस आणून देण्याचा. २०२० च्या व्यवसाय-सुरक्षा संहितेतही धोका मालकाच्या आणि निरीक्षकाच्या लक्षात आणून देण्याचा हक्क आहे. वाचकांनी शब्दांकडे नीट पाहावे. हक्क आहे तो सांगण्याचा. थांबविण्याचा निर्णय, धोका खरा आहे अशी ज्याची खात्री पटावयाची त्याच्याकडेच राहतो. कायमच्या नोकरीतला कामगार हा हक्क निदान वापरून पाहील. ज्याचे नाव उद्याच्या हजेरीत असेल की नाही हे आज सायंकाळी ठरावयाचे आहे, तो ठेका-मजूर कोणाला काय सांगणार? आमच्या गल्लीतील त्या तरुणाने छपरावरून खाली येऊन 'मी चढत नाही' असे म्हटले असते, तर तो कायद्याच्या बाजूने बरोबर ठरला असता आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा चढला असता.

ही गोष्ट अशक्यप्राय आहे, उत्पादनाचा गाडा असा कोणालाही थांबवू दिला तर चालणार नाही, असे आम्हांला जाणत्या मंडळींनी अनेकदा सांगितले आहे. त्यांना आम्ही फार लांबचे उदाहरण देत नाही. येथून जवळच तो मुंबई-हावडा लोहमार्ग आहे. त्यावर रोज पहाटे एक चावीवाला खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन रूळ तपासीत चालत जातो. रेल्वेच्या श्रेणीत त्याच्या खाली फारसे कोणी नाही. पण त्याच्या जवळ लाल झेंडी असते, रुळावर ठेवावयाचे फटाके असतात, आणि तडा गेलेला रूळ दिसला तर तो ती झेंडी उभारून धावत्या मेलगाडीला थांबवू शकतो. गाडीत मंत्री असो वा महाव्यवस्थापक, चालकाला ब्रेक लावावाच लागतो. आधी थांबावयाचे आणि मग विचारावयाचे. हे चावीवाले आणि गँगमनही रुळांवर मरतात, तेव्हा रेल्वेचे सर्व काही आलबेल आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु प्रवाशांच्या जिवासाठी का होईना, सर्वांत खालच्या माणसाच्या हाती सर्वांत मोठी गाडी थांबविण्याची सत्ता द्यावी लागते, हे तत्त्व या देशाने फार पूर्वीच मान्य केलेले आहे, आणि त्यामुळे रेल्वे बंद पडलेली नाही.

भट्टीपाशी, छपरावर, गटाराच्या तोंडाशी आणि स्फोटकांच्या ओट्यावर काम करणाऱ्यांच्या हाती अशी झेंडी अजून यावयाची आहे. ती आली म्हणजे मृत्यू संपतील, अशा भ्रमात आम्ही नाही. पण त्यानंतर जो मरेल, त्याच्याविषयी 'त्याने पट्टा लावला नव्हता' एवढे सांगून कोणाला घरी जाता येणार नाही. झेंडी दिसूनही गाडी कोणी हाकली, हे विचारावे लागेल.